सातवा कागद

युसुफच्या मोबाइलच्या पाठीवर कायम एक पांढरं लेबल चिकटवलेलं असे. आमच्या वर्कशॉपमध्ये अशा लेबलांची रिळं पडलेली असत. सलाइनचा पंप किंवा बीपीचं यंत्र तपासून झालं की त्यावर ते लावायचं आणि तारीख, वेळ, तपासणाऱ्याची आद्याक्षरं लिहायची, असा नियम होता. युसुफ मोबाइलवरच्या लेबलावर घरच्यांचा आवाज शेवटचा कधी ऐकला ते लिहायचा. "सकाळी ७.४०. नजवा, दीमा. दोघी ठीक." पुढचा फोन झाला की जुनं लेबल नखाने खरवडून काढायचं आणि नवं लावायचं. सकाळी त्याच्याशी बोलण्याआधी मी त्या लेबलाकडे नजर टाकायचो. वेळ चोवीस तासांपेक्षा जुनी असली तर त्या दिवशी थट्टामस्करी बंद.

हॉस्पिटल साउथहॅम्प्टनमधलं, वर्कशॉप त्याच्या तळघरात. आम्ही पाच टेक्निशियन. मी नागपूरहून २००३ मध्ये आलो होतो, तो गाझाहून २००५ मध्ये, वर्क परमिटवर. तेव्हा तो त्रेपन्न वर्षांचा होता, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. बुटका, पोट सुटलेला, आणि प्रत्येक यंत्र तीनदा तपासणारा. नियमाने दोनदा पुरतं. तिसऱ्यांदा तपासणारे आम्ही दोघेच होतो, आणि आमची मैत्री त्या तिसऱ्या तपासणीत झाली.

त्यांच्याकडे बापाला मुलाच्या नावाने हाक मारतात. अबू म्हणजे अमक्याचा बाप. मुलगा नसला तर लोकांची पंचाईत होते. युसुफला एकुलती मुलगी, दीमा. त्याने सगळ्यांना बजावलं होतं, "मी अबू दीमा. ज्याला म्हणता येत नाही त्याने मला हाक मारू नये." माझ्या मुलीचं नाव नेहा आहे हे कळलं त्या दिवशी मी अबू नेहा झालो. आमचा सुपरवायझर कॉलिन वैतागून ओरडायचा, "दोन अबूंपैकी एकाने तरी तो फोन उचला रे!"

भित्रा म्हणवून घ्यायची युसुफला लाज वाटत नसे. "आमच्याकडे पाण्याची टाकी छपरावर असते," तो म्हणायचा. "भीतीही तिथेच ठेवावी. घरात भांड्याभांड्यांतून भरून ठेवली तर बायकामुलं तीच पितात." म्हणून फोनवर तो हसून बोलायचा, फालतू विनोद करायचा, आणि फोन ठेवला की दोन्ही तळवे कामाच्या टेबलाच्या गार पत्र्यावर टेकून मिनिटभर उभा राहायचा. त्या वेळी त्याला कोणी काही विचारत नसे.

दीमाचं शाळेचं वर्ष संपलं की २००७ च्या उन्हाळ्यात मायलेकी इकडे येणार असं ठरलं होतं. त्याने दोन खोल्यांची जागाही पाहून ठेवली होती. त्याच जूनमध्ये गाझात दोन पक्षांची माणसं एकमेकांवर गोळ्या झाडू लागली. तोपर्यंत ते दोन्ही पक्ष एकाच सरकारात होते, निदान कागदावर तरी.

त्या आठवड्यात त्याची बायको नजवा न्हाणीघरातून फोन करायची, कारण त्या घरात बिनखिडकीची तेवढी एकच खोली होती. त्यांच्या गच्चीवर एका पक्षाची माणसं बसली होती, समोरच्या इमारतीच्या गच्चीवर दुसऱ्या पक्षाची. दोन्हीकडची काही पोरं दीमाच्या शाळेतून शिकून गेलेली. युसुफ फोनचा स्पीकर लावून टेबलावर ठेवायचा आणि पंप उघडून बसायचा. फोनमधून टकटक ऐकू यायची, लांबून कोणी गालिचा झोडपत असावं तशी. तो विचारायचा, "दीमा काय करतेय?" नजवा सांगायची, "बादली पालथी घालून तिच्यावर भूमिती सोडवतेय." तो मोठ्याने हसायचा. माझ्या हातातला स्क्रू त्या आठवड्यात दोनदा खाली पडला, आणि माझं तर तिकडे कोणीच नव्हतं.

आठवडा संपला तेव्हा सरकारं दोन झाली होती. एका पक्षाने गाझा ताब्यात घेतलं. दुसऱ्याने रामल्लात, म्हणजे त्यांच्या देशाच्या दुसऱ्या तुकड्यात, नव्या मंत्रिमंडळाला शपथ दिली. मधे इस्रायल. गाझावाले म्हणत, निवडणूक आम्ही जिंकलो, म्हणून आम्ही खरे. रामल्लावाले म्हणत, राष्ट्राध्यक्षांनी तुम्हाला बडतर्फ केलंय, म्हणून आम्ही खरे.

"हिशेब कर," युसुफ मला म्हणाला. "सरकारं दोन. दोघं म्हणतात, दुसरं सरकार नाहीच. दोघांचंही खरं मानलं तर उरली किती?"

"शून्य."

"बघ. मी शून्याचा नागरिक."

त्याला बरं वाटावं म्हणून मी आमच्या इतिहासातलं सांगायला गेलो. म्हटलं, आमच्याकडेही एकाच घराण्याच्या दोन गाद्या झाल्या होत्या, एक साताऱ्याला, एक कोल्हापूरला. दोघांचे हुकूम एकाच गावात यायचे.

"मग गावकरी कोणाचं ऐकायचे?"

"ज्याचं घोडदळ जवळ असेल त्याचं."

तो खुश झाला. "हे शहाणे लोक! आणि मिटलं कधी?"

मला चुकीचा आकडा सांगता येत नाही. मनातल्या मनात वजाबाकी केली आणि म्हणालो, "वारणेचा तह झाला तेव्हा. साधारण चोवीस वर्षांनी."

त्याने हातातला पंप खाली ठेवला. "दीमा सतरा वर्षांची आहे," एवढंच म्हणाला. थोडा कमी आकडा सांगितला असता तर काय बिघडलं असतं, असं मेधा, माझी बायको, नंतर म्हणाली.

नजवा सरकारी बांधकाम खात्यात होती, नकाशांच्या विभागात. रामल्लाने फर्मान काढलं की गाझातल्या अशा खात्यांतल्या लोकांनी कामावर जाऊ नये. जो जाईल त्याचा पगार बंद. गाझाच्या सरकारने सांगितलं की जो येणार नाही त्याची खुर्ची दुसऱ्याला. नजवा घरी बसली. एका दुपारी दोन माणसं दारात आली आणि नकाशांच्या कपाटाच्या किल्ल्या मागू लागली. माणसं सभ्य होती, बूट काढून आत आली. तिने किल्ल्या दिल्या आणि दार लावल्यावर युसुफला फोन केला. "दिल्या हे रामल्लाला कळलं तर मी यांची. दिल्या नसत्या तर मी त्यांची. अबू दीमा, मी कोणाची ते मला एकदा सांगून टाका." त्या दिवशी त्याला विनोद सुचला नाही.

आता एकच रस्ता होता. दोघींना बाहेर काढायचं. नजवाचा पासपोर्ट चालू होता, दीमाचा संपलेला. कोरे पासपोर्ट फक्त रामल्लात होते. तिथे युसुफचा चुलतभाऊ खलील राहायचा. त्याच्या नावे मुखत्यारपत्र करून, युसुफच्या सहीचा अर्ज इथून कुरिअरने पाठवायचा, त्याने तिथल्या कचेरीत द्यायचा. आणि हे सगळं वेळेत व्हायला हवं होतं, कारण येत्या चार मार्चला दीमा अठरा वर्षांची होणार होती. तिचा ब्रिटिश व्हिसाचा अर्ज त्याआधी गेला तरच ती मुलगी म्हणून बापाकडे येऊ शकत होती. एक दिवस उशीर झाला की ती सज्ञान बाई, बापाशी संबंध नाही. नजवा तिला मागे ठेवून येणार नव्हती, हे तर विचारायचीही गरज नव्हती.

फॉर्म, जोडपत्रं, नियमांतली बारीक अक्षरं यांत मला गती आहे. आमच्या ओळखीतल्या सात-आठ मराठी कुटुंबांचे अर्ज मी तपासून दिले होते, एकही परत आला नव्हता. मीच युसुफला म्हणालो, कागद घेऊन आमच्या घरी ये.

मेधाला ते आवडलं नव्हतं. तिचीही बाजू होती. त्या उन्हाळ्यात एका विमानतळावर हल्ला झाला होता, त्यात परदेशी डॉक्टर सापडले होते, आणि हॉस्पिटलांतून आमच्यासारख्यांकडे लोक रोखून बघू लागले होते. युसुफ जिथे राहायचा तिथे सहा भाडेकरूंना मिळून एक पत्रपेटी, म्हणून पत्ता आमचा द्यायचं ठरलं.

"अहो, आपला कायम राहण्याचा अर्ज होम ऑफिसात पडलाय," ती म्हणाली. "नेमकं आत्ताच रामल्लाहून पाकिटं यायला हवीत का आपल्या दारात?"

"मग नाही म्हणू?"

ती बराच वेळ कणीक मळत राहिली. "मुलगी आहे ना? पाठवा. पण पावती माझ्याकडे द्या, तुम्ही हरवता."

मी पावत्या हरवत नाही. पण 'बरं' म्हणालो, कारण मलाही भीती वाटत होती. लायब्ररीत त्यांचे अरबी कागद छापताना मी प्रिंटरच्या पुढे छातीची भिंत करून उभा राहिलो होतो.

रविवारी दुपारी युसुफ आला. मेधाच्या हातचा वरण-भात त्याने दोनदा मागून घेतला. मग आम्ही जेवणाच्या टेबलावर कागद मांडले. अर्ज, जुन्या पासपोर्टची प्रत, आई आणि बाप दोघांची ओळखपत्रं, मुखत्यारपत्र, जन्मदाखला. सहा. दाखला जुना होता, त्याच्या कोपऱ्याला ओल लागून जन्मतारखेतला एक आकडा पुसट झालेला. नजवाने खबरदारी म्हणून गाझाच्या कचेरीतून ताजा उतारा काढून, स्कॅन करून इमेलने पाठवला होता. स्वच्छ, स्पष्ट, तोच गरुडाचा शिक्का. मी तो सातवा म्हणून लावला.

युसुफ त्या कागदाच्या खालच्या भागाकडे बघत राहिला. मग हात पुढे करून म्हणाला, "हा नको."

"का नको?"

"सहा मागितलेत. सहा देऊ."

"पण तारीख पुसट आहे! सगळा खेळ तारखेवर आहे. का नको ते सांग."

"कारण सांगता येत नाही. आमच्याकडे कारणं दर आठवड्याला बदलतात."

"कागद कमी पडला म्हणून अर्ज परत आलेले मी पाहिलेत," मी म्हणालो. "कागद जास्त झाला म्हणून एकही नाही."

हे खरं होतं. माझ्या देशापुरतं, आणि मी पाहिलेल्या अर्जांपुरतं. आपण मराठी माणसं दाखल्याला दाखला जोडतो, वर एक साक्षांकित प्रत, असू दे म्हणून. माझ्या हातून ते सवयीने झालं. युसुफने माझ्याकडे पाहिलं, हात मागे घेतला आणि म्हणाला, "ठीक आहे, अबू नेहा. तुझा देश चालू आहे. तुला कागद कळतात." पाकीट मीच चिकटवलं.

ऑक्टोबरच्या मध्यावर खलीलचा फोन आला. चार मार्चला एकशे चाळीस दिवस उरले होते. अर्ज बाजूला काढला होता. खिडकीवरच्या माणसाने सहा कागद उलटून सातवा वर धरला आणि विचारलं, "हा सही करणारा कोण? याला या खुर्चीवर कोणी बसवलं? आमच्या लेखी ती खुर्ची रिकामी आहे." जे कुटुंब गाझाच्या त्या कचेरीतून कागद आणतं ते कोणाचं, याची चौकशी होईल. अर्ज मागे घेऊन नव्याने करता येईल का? चौकशी संपल्याशिवाय नाही. चौकशी कधी संपेल? खिडकी बंद झाली होती.

शिक्का तोच होता, कागदही त्याच नमुन्याचा. फक्त सहीचा माणूस जूननंतरचा. समासाची रुंदीसुद्धा मी तपासली होती.

युसुफने मला एका शब्दाने दोष दिला नाही. याचीच मला धास्ती बसली. खलीलच्या प्रत्येक फोननंतर तो फक्त मान हलवायचा. मी मनात रोज एक दिवस वजा करायचो, आणि मला वाटतं तोही करायचा, पण आम्ही आकडा एकमेकांना सांगत नव्हतो.

एक्केचाळीस दिवस उरले असताना, जानेवारीत, गाझा आणि इजिप्तमधली रफाहची भिंत पडली. नाकेबंदीत कोंडलेली लाखो माणसं पलीकडे गेली. दुपारी वर्कशॉपमध्ये युसुफचा फोन वाजला. नजवा आणि दीमा इजिप्तमध्ये होत्या, अल-अरीशमध्ये. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या गाझाच्या बाहेर उभ्या होत्या. पण अल-अरीशच्या पुढे पोलीस होते, आणि कैरोत व्हिसाचा अर्ज द्यायला जो पासपोर्ट हवा तो रामल्लात एका कपाटात होता.

दीमाने फोन मला द्यायला सांगितलं. शाळकरी, सावकाश इंग्रजीत ती म्हणाली, "अंकल, इथे दुकानात सगळं मिळतंय. मी अर्धा किलो चीज हातात धरून उभी आहे. बाबा मला सांगत नाहीयेत की पुढे जायचं की मागे. तुम्ही त्यांना सांगा ना, लवकर सांगायला."

युसुफने फोनवर हात ठेवला. "तू आकड्यांचा माणूस. खलील म्हणतो या आठवड्यात चौकशी संपेल. पोलीस माणसं गोळा करताहेत. कागद नसलेली मुलगी त्यांच्या हाती लागली तर? थांबू देऊ की परत पाठवू? बोल."

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

त्याने त्यांना थांबायला सांगितलं. नऊ दिवस त्या दोघी चार कुटुंबांबरोबर एका खोलीत राहिल्या. दुकानदारांना दुकानं बंद करायचा हुकूम आला. खलील रोज त्या खिडकीशी जायचा. दहाव्या दिवशी भिंतीच्या भगदाडावर काटेरी तारा चढू लागल्या, तेव्हा युसुफने फोन केला आणि अगदी हसऱ्या आवाजात म्हणाला, "चला, सहल पुरे झाली. घरी जा." त्यानंतर तो टेबलाशी किती वेळ उभा होता ते मी मोजलं नाही.

चार मार्चला त्याने दीमाला हसत शुभेच्छा दिल्या. फोन ठेवून मला म्हणाला, "आता घाई संपली." इतकं भीतिदायक वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही. एप्रिलमध्ये त्याने राजीनामा दिला. त्या येऊ शकत नव्हत्या, म्हणून तो जाणार होता. कैरोपर्यंत विमान, पुढे सीमा उघडेल तेव्हा.

मी त्याला कोच स्टेशनवर सोडायला गेलो. बस यायला वीस मिनिटं होती. सहा महिने जे बोललो नव्हतो ते बोललो. "अबू दीमा, तो सातवा कागद मी लावला. तू नको म्हणत होतास."

"सही पाहिली होतीस?"

"मला अरबी कुठे येतं?"

"मला येतं. ती अदनानची होती. माझ्या भावाची."

मी त्याची बॅग खाली ठेवली.

"दाखल्यांच्या खात्यातले सगळे घरी बसले तेव्हा अदनान म्हणाला, सरकारं भांडताहेत म्हणून मुलं जन्मायची थांबलीत का? कोणीतरी दाखले द्यायला हवेत. आणि तो त्या खुर्चीवर बसला. नजवा घरी बसली. एकाच जिन्यात राहतात दोघं, ती चौथ्या मजल्यावर, तो दुसऱ्या. माझ्या भावाने जन्मात खोटा दाखला दिलेला नाही. तो उतारा त्याने पुतणीसाठी स्वतःच्या हाताने लिहिला होता. तू विचारलंस, का नको? काय सांगणार होतो? माझ्या भावाची सही सही नव्हे? हे मी तोंडाने म्हणायचं? तुझ्या टेबलावर, तुझ्या बायकोच्या हातचं जेवून?" त्याने बॅग पायाशी ओढून घेतली. "मला वाटायचं मी भित्रा आहे. त्या दिवशी भीती पुरी पडली नाही, लाज वरचढ ठरली. म्हणून म्हणतो, कागद तुझा नव्हता."

बस आली. त्याने माझ्या दोन्ही गालांना गाल लावले आणि चढला.

माझं मन हलकं व्हावं म्हणून त्याने ते सांगितलं असेल. पण मी हिशेब घातला आहे आणि तो बदलत नाही. त्याने नको म्हटलं, मी लावला. आजही लोक माझ्याकडे फॉर्म घेऊन येतात. कोणी म्हटलं, "काका, हा नको जोडू या," तर मी तो काढून त्याच्या हातात देतो. कारण विचारत नाही.

कैरोत सात आठवडे थांबून तो आत गेला. जूनमध्ये फोन आला, "पोचलो. दीमा माझ्यापेक्षा उंच झालीय, मला विचारलंसुद्धा नाही." मागे अदनानचा आवाज होता, दोघे कशावरून तरी वाद घालत होते. डिसेंबरच्या शेवटी गाझावर इस्रायलची विमानं आली. आज जानेवारीचा दुसरा आठवडा आहे. कामावरून आल्यावर मी आधी त्याचा नंबर लावतो, तो बंद असतो. मग नजवाचा लावतो. तो पासपोर्ट मिळाला असता तर ते तिघं आत्ता इथे, बसने दहा मिनिटांवर असते. मेधा ओट्याकडे तोंड करून उभी असते, पण तिचा हात थांबलेला असतो.

"लागला का हो?"

"रिंग जातेय. उचलत नाही कोणी."

"रिंग जातेय ना? म्हणजे कोणीतरी तो चार्ज केलाय. परत लावा."